बाळोत्यातलं पत्र

१

पाणदरवाजाची किल्ली सांभाळणारा पुच्चो सकाळी बुरुजाच्या पायऱ्यांखाली मरून पडलेला सापडला, आणि दुपारच्या आत पिसा शहरानं गुन्हेगारही शोधून काढला. गुन्हेगार एकोणीस वर्षांची होती. तिच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती, आणि दोघींच्या अंगावर मिळून एका कोंबडीएवढंही मांस नव्हतं.

सुईण बिलियाला कचेरीत बोलावणं आलं ते तपासणीसाठी. पोटुशी बाई असली तर तिला शिक्षा देता येत नाही, असा कायदा होता. वेढ्याचा सहावा महिना चालू होता. मांजरं संपली होती, कुंपणाचं गवत संपलं होतं. चांभारवाड्यातल्या हौदांत भिजत घातलेली कातडीसुद्धा लोकांनी उकळून खाल्ली होती, आणि रिकामे हौद उन्हात तसेच उघडे पडले होते. तो वास आता कपड्यांना, केसांना, अगदी प्रार्थनेलाही येत होता. पण कायदा मात्र शाबूत होता.

बिलिया तळघरात उतरली. नुता कोपऱ्यात बसली होती. मुलीला छातीशी लावलं होतं, आणि मुलगी ओढून ओढून थकून नुसतीच ओठ हलवत होती.

"मोन्ना बिलिया, मी काही केलं नाही हो," नुता म्हणाली. "मी रोजच्यासारखी पुच्चोंची पेज घेऊन वर चालले होते. तर ते खाली पडलेले."

"ठाऊक आहे मला. पाय पसर."

पोट रिकामं होतं. बिलियाच्या जिभेवर खोटं आलं होतं, पण कायद्याला दोन सुइणींची शपथ लागते, आणि दुसरी दाराबाहेर उभी होती. तिला या कामाची एक वेळची भाकर कबूल केली होती.

बिलिया वर आली तेव्हा न्यायाधीश मेस्सेर ओद्दोने हुकूम सांगत होते. हे तेर्नीचे. आपल्या माणसांवर आपलाच विश्वास नाही, म्हणून न्यायाधीश परगावाहून सहा महिन्यांच्या बोलीवर आणायचा, ही इथली जुनी रीत. यांचे सहा महिने कधीच उलटले होते, पण वेढ्यातून बाहेर पडायचं कसं? त्यामुळे न्याय चालूच होता.

"लेम्मो, साल काय लिहितोस?" न्यायाधीशांनी विचारलं. "तुमच्या गावात आल्यापासून मला स्वतःच्या जन्माचंसुद्धा विचारावं लागतं."

"चौदाशे सात, मेस्सेर," लेखनिक सेर लेम्मो नाकावरचा अत्तराचा रुमाल न काढताच म्हणाला. त्याचा हात कागदावर कसा झरझर चालायचा! बिलियाला नेहमी वाटायचं, या माणसाला कधी बाळ धरायला दिलं तर तो ते दोन बोटांत धरेल.

हुकूम असा होता. आज संध्याकाळच्या घंटेला फुकट खाणारी चाळीस तोंडं शहराबाहेर काढायची. सगळ्या बायका. त्यांत हेरगिरी आणि खुनासाठी नुता, मुलीसकट. बाहेर फ्लोरेन्सचं सैन्य होतं. गेल्या खेपेच्या बायकांच्या गालांवर त्यांनी तापल्या लोखंडाचे डाग दिले आणि त्यांना तटाकडे परत हाकललं. तटानं दार उघडलं नाही. त्या अजून मधल्या खंदकात होत्या. पहिले दोन दिवस त्यांचे आवाज येत होते.

"हेर कशावरून?" बिलियानं विचारलं.

न्यायाधीशांनी एक घडी केलेला कागद पुढे सरकवला. "शत्रूच्या तळावरचं अभयपत्र आहे. 'नुता नावाच्या बाईनं आमची सेवा केली आहे, तिला मुलासह सुखरूप जाऊ द्यावं.' खाली तारीख, खूण, सगळं आहे. सकाळी झडतीत सापडलं. पोरीच्या बाळोत्यात, आतल्या घडीत लपवलेलं."

"बाळोत्यात?"

"हो. अंगाला गुंडाळलेल्या पट्ट्यांत."

बिलियानं कागद उचलला आणि नाकाशी नेला. लेम्मोनं शिसारी येऊन तोंड फिरवलं. बिलियाही दचकली, पण वेगळ्या कारणानं. त्या कागदाला कसलाच वास नव्हता.

२

"मेस्सेर, घंटेपर्यंत मला विचारपूस करू द्या," ती म्हणाली.

"कर. मला जेवायला जायचं नाहीये," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी हे विनोदानं म्हटलं की काय, ते कळलं नाही. "कागद घेऊन जा, पण घंटेआधी परत आण. आणि काही सिद्ध झालं नाही तर मला परत तोंड दाखवू नकोस. मला तुझ्याकडे बघवणार नाही."

पुच्चोचं घर बुरुजाला लागूनच होतं. त्याची बायको लाजिया प्रेताला आंघोळ घालत होती. एकटीच. शेजारपाजारचं कुणी आलं नव्हतं. हल्ली मयताला गेलं तर काही खायला मिळत नाही.

"आलीस? धर तो खांदा," लाजिया म्हणाली. "बघ कसा हलका झालाय. लग्नात मला उचलायला गेला तर कंबर धरून बसला होता. आता मीच उचलेन त्याला."

ती लुक्काची. तीस वर्षं पिसात काढूनही तिचे हेल गेले नव्हते. बिलिया स्वतः फ्लोरेन्सला जन्मलेली, इथल्या दोरवाल्याची विधवा. या गल्लीत दोघींनाच लोक अजून 'बाहेरच्या' म्हणायचे, त्यामुळे दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला घाव होता, खोल आणि गोल. पायरीच्या कडेनं असा पडत नाही.

"झडतीच्या वेळी तू होतीस ना?"

"होते. खालच्या खोलीत ती पोरगी राहते. चोने, तो पहारेकऱ्यांचा नाईक, म्हणाला, बाळाला सोडा. स्वतः मात्र हात लावेना. चिखलात लोळणारा रेडा, पण बाळाच्या शीला घाबरला! मग मीच सोडलं. शी, मुतानं कसं चिंब झालं होतं सगळं! बिचारीकडे दोनच बाळोती. दुसरं वाळत होतं, म्हणून अंगावरचं काल संध्याकाळपासून बदललंच नव्हतं. मी एकेक पट्टी सोडून जमिनीवर टाकत गेले."

"आणि पत्र?"

"ते मला नाही दिसलं. त्या ढिगातून सेर लेम्मोनं उचललं. म्हणाला, हे काय?"

"तुझ्या हाताला लागलं नाही?"

"अगं बाई, मी नाक धरून होते." लाजियानं नवऱ्याच्या गळ्यातली दोरी कापली. "बघ, ही किल्ली. चोने न्यायला येणार आहे. हिच्यापायी मेला माझा म्हातारा, आणि चोरलीही नाही कुणी. मग मारलं तरी कशाला?"

बिलियानं किल्ली हातात घेतली. किल्लीच्या दात्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं. तिनं नखानं कोरून काढलं. तांदळाच्या दाण्याएवढं मेण होतं ते. हिरवं.

३

चोने पाणदरवाजाच्या कमानीत बसून पट्टा चघळत होता. चामड्याचा, कमरेचा.

"या, फ्लोरेन्सवाल्या बाई! तुमच्या भावांना निरोप द्यायचाय का?" तो म्हणाला. "म्हणावं, जरा हळू मारा, आम्हाला उठायला त्रास होतो."

"तुझ्या तोंडाला आधी साबण द्यायला सांगते. काल संध्याकाळी पुच्चो काय म्हणाला?"

चोनेचा चघळणारा जबडा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू आत्ता सांगतोयस."

त्यानं पट्टा बाजूला ठेवला. "म्हातारा दुपारी पेंगतो, ठाऊक आहे ना. उठला आणि म्हणाला, माझ्या किल्लीला मेण लागलंय. कुणीतरी साचा घेतलाय. उद्या न्यायाधीशांच्या कानावर घालतो. मी म्हटलं, तुझ्या कानातलं मेण असेल. हसलो सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी, लाजिया, आणि सेर लेम्मो. तो पहाऱ्याची यादी लिहायला आला होता. मला लिहिता येत नाही, म्हणून दर आठवड्याला येतो. मला नाव सांगावं लागतं आणि त्याला नाक धरावं लागतं." चोनेनं खाली पाहिलं. "मी हसायला नको होतं. चांगला होता गं म्हातारा. माझ्या पोराला त्यानं पोहायला शिकवलं."

"तुझं पोरगं कसं आहे?"

"नाही," चोने म्हणाला. एवढंच.

बिलिया क्षणभर तिथेच उभी राहिली. समोर आर्नो नदी गाळानं भरून पिवळट झाली होती. याच पाण्यातून एके काळी पिसाची गलबतं अर्ध्या समुद्राला दम द्यायला निघायची. मग जेनोवानं ती बुडवली, बंदराची साखळी तोडून नेली आणि आपल्या वेशीवर टांगली. समुद्रच मागे सरकला. हा सरदार, तो सरदार, खेचर विकावं तसं हे शहर हातोहात विकलं गेलं. आणि अजूनही इथला शेंबडा पोरगासुद्धा मान वर करून चालायचा. तिला एकदम सगळ्यांचीच किळस आली. बाहेर डागण्या तापवून बसलेल्यांची, आत याद्या करणाऱ्यांची, आणि मघापासून तिच्या पोटात उगवलेल्या त्या एका विचाराची: लाजियाकडे थोडी पेज उरली असेल का?

किल्लीचा साचा कुणीतरी घेतला होता. पुच्चोला ते कळलंय हे तिघांना ठाऊक होतं. आणि झडतीच्या खोलीतही हेच तिघे होते.

कचेरीच्या दिशेनं ढोल वाजायला लागला. बायकांना जमवायला सुरुवात झाली होती.

४

वाटेत सान्ता क्रिस्तीनाचं आवार लागलं. पाय आपोआप आत वळले. भिंतीशी तळहाताएवढा एक दगड होता: तिची मुलगी, सव्वा वर्षाची होऊन गेलेली. बिलिया रोज त्याच्यावरून एकदा हात फिरवायची. आज घाई होती, तरी फिरवला.

या दगडावरून तिच्या आईनं फ्लोरेन्सहून केवढा कांगावा केला होता! 'पोरीच्या दगडावर सालसुद्धा चुकीचं कोरलंत. तुझ्या नवऱ्याला दोर वळण्यापलीकडे काही येतं का?' आणि नवऱ्यानं तिकडचं ते पत्र वाचून हसत म्हटलं होतं, 'चूक आमची नाही, सासूबाईंची. आम्ही पिसाची माणसं. देवाचा लेक आईच्या पोटात आला तेव्हापासून आम्ही सालं मोजतो. तुम्ही तो जन्माला यायची वाट बघता. म्हणून आम्ही सगळ्या जगाच्या एक वर्ष पुढे.' सुईण म्हणून तिला ते आवडलं होतं. पोटातलं लेकरू मोजणारं शहर! तेव्हा तिला वाटलं होतं, इथे आपलं बरं होईल.

तिचा हात दगडावरच थांबला.

तिनं पदराखालून अभयपत्र काढलं. शत्रूच्या तळावरून आलेलं. सप्टेंबरची नऊ तारीख. आणि पुढे, सुबक अक्षरांत, साल.

तिनं एकदा वाचलं. मग दगडाला हात टेकून उठली आणि पन्नाशीची बाई पळावी तशी नाही, तर पोटातलं मूल आडवं आलंय असा निरोप आल्यासारखी पळत सुटली.

५

कचेरीच्या अंगणात चाळीस बायका उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं बिलियानं केली होती. सर्वांत शेवटी नुता, तिच्या खांद्यावर तिची लेक मेआ. चोने लाजियाकडून किल्ली घेऊन आला होता. लाजियाही साक्षीला आली होती.

"मेस्सेर, हा कागद हुंगा," बिलिया धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"हुंगा म्हणते ना! रात्रभर भिजलेल्या बाळोत्याच्या आतल्या घडीत होता म्हणतात. तुम्हाला मुलं आहेत का?"

"तीन."

"मग कधीतरी मांडीवर घेतलं असेल. कसा असायला हवा तो?"

न्यायाधीशांनी कागद हुंगला, उलटसुलट पाहिला. शाई कुठे फुटली नव्हती. कडा सरळ होत्या. "कोरडा आहे," ते सावकाश म्हणाले.

"लाजियानं पट्ट्या सोडून ढीग केला, त्यानंतर हा त्यावर पडला. म्हणजे झडती घेणाऱ्यांपैकीच कुणीतरी टाकला."

"हे बघा," सेर लेम्मो रुमालामागून म्हणाला, "ही बाई फ्लोरेन्सची आहे. शत्रूच्या हेराला सोडवायला शत्रूचीच—"

"खरंय. फ्लोरेन्सची आहे, म्हणूनच मला दिसलं. चोने, फ्लोरेन्सच्या तळावर आज साल कोणतं चालू आहे?"

"हा काय प्रश्न? चौदाशे सात."

अंगणातल्या दोन-तीन पहारेकऱ्यांनी माना डोलावल्या. अर्थातच सात. अजून काय असणार?

"लाजिया?"

"सहा," लाजिया म्हणाली. "तिकडे सहा, आमच्या लुक्काला सहा, सगळीकडे सहा. या गावाचं माझ्या हाताला अजून वळण नाही. लग्नाच्या कागदावरच आमचं पहिलं भांडण झालं होतं."

बिलिया न्यायाधीशांकडे वळली. "गेल्या आठवड्यात तिकडून बाणाला बांधून शरणागतीची मागणी आली होती. ती आहे ना तुमच्याकडे?"

न्यायाधीशांनी पेटी उघडली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर लिहिलं होतं चौदाशे सहा. नुताच्या अभयपत्रावर चौदाशे सात.

"सकाळपासून कितीजणांनी हा कागद पाहिला असेल," बिलिया म्हणाली. "कुणाला खटकलं नाही, कारण सगळे पिसाचे. तुम्ही बाहेरचे, पण तुम्ही साल विचारून घेता. हे पत्र तळावर लिहिलेलंच नाही, मेस्सेर. ते याच तटाच्या आत, पिसाच्याच माणसानं लिहिलंय. झडतीच्या वेळी खोलीत तिघं होती. लाजिया लुक्काची, तिचा हात सहावर जातो. चोने पिसाचा, पण त्याला लिहिता येत नाही."

तिसऱ्याचं नाव घ्यायची गरजच पडली नाही. चोनेनं आधीच लेम्मोचा दंड धरला होता.

"अक्षर बघा!" लेम्मो किंचाळला. "ते माझं अक्षर आहे का?"

"लेखनिकाला चार हातांची अक्षरं येतात. त्यावरच तर पोट भरतं तुमचं." बिलियानं पदराच्या गाठीतून हिरवा कण काढून टेबलावर ठेवला. "पुच्चोच्या किल्लीत सापडलं. हिरव्या मेणानं या गावात शिक्के कोण मारतं?"

मारत होती फक्त कचेरी. न्यायाधीशांनी स्वतः उठून लेम्मोची कलमदानी उघडली. कलमांच्या खाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, हिरव्या मेणाचा एक गोळा होता. त्यावर पाणदरवाजाच्या किल्लीचे दाते स्वच्छ उमटले होते.

लेम्मोनं रुमाल खाली घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं.

"काय उरलंय इथे?" तो म्हणाला. "सांगा ना! नदी मेली, बंदर मेलं. साखळी जेनोवाच्या वेशीवर गंजते आहे. वरचे मोठे लोक तिकडे कधीच बोलणी करत बसलेत, आणि मी केलं की पाप? मी फक्त हे लवकर संपवत होतो. तो म्हातारा गप्प बसला असता, तर कुणी मेलंही नसतं!"

"आणि ही?" बिलियानं मेआकडे बोट केलं.

"कुणीतरी लागतंच ना."

बिलिया त्याच्याकडे वळली.

"गंमत बघा, सेर लेम्मो," ती म्हणाली. "गाव विकायला काढलंत, पण त्या गावाचं साल सोडायचं तुमच्या हाताला सुचलं नाही. तुमच्यापेक्षा तुमचा हात इमानी निघाला."

६

न्यायाधीशांनी यादीतून नुताचं नाव खोडलं.

"मग एकोणचाळीसच," चोने म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तो यादी पाळणारा माणूस होता. "हुकूम चाळीसचा आहे."

अंगणात कुणीतरी हुंदका दिला. बिलियानं त्या एकोणचाळीस बायकांकडे पाहिलं. यांच्या बाळोत्यांत कुणी काही टाकलं नव्हतं. त्यांना सोडवायला कोरडा कागद नव्हता, चुकलेलं साल नव्हतं. त्या फक्त खात होत्या.

"यांचं काय, मेस्सेर?"

"यांच्यावर आरोपच नाही," न्यायाधीश खालमानेनं म्हणाले. "आरोप नाही तर सुटका कशातून करू? तो हुकूम माझा नाही." त्यांनी कलम उचललं आणि नुताच्या खोडलेल्या नावापुढे दुसरं नाव लिहायला घेतलं.

लेम्मोनं ते उलटं वाचलं आणि गुडघ्यांवर कोसळला. "फाशी द्या! मेस्सेर, इथेच फाशी द्या! साच्याशिवाय गेलो तर ते मला..."

"त्यांच्याकडे जायची तुलाच घाई होती ना," न्यायाधीश म्हणाले. मग सवयीनं त्यांचं डोकं डावीकडे, लेखनिकाच्या रिकाम्या बाकाकडे वळलं. "साल काय..." ते थांबले. कलमाची शाई टोकाशी जमत होती. त्यांनी बिलियाकडे पाहिलं. "तू सांग. कोणतं लिहू?"

फ्लोरेन्सच्या वेशीजवळ जन्मलेल्या, सव्वीस वर्षं इथे 'बाहेरची' म्हणून राहिलेल्या बाईनं नुताच्या खांद्यावरून मेआला अलगद आपल्याकडे घेतलं.

"सात लिहा," ती म्हणाली. "अजून दरवाजा बंद आहे."

घंटा झाली. दरवाजा उघडला, एकोणचाळीस बायका आणि एक माणूस जाईपर्यंत उघडा राहिला, आणि मिटला. मग बाहेरून आवाज यायला लागले.

बिलिया कचेरीच्या पायरीवर बसली. नुता तिच्या शेजारी, कानांवर हात घेऊन. थोड्या वेळानं बिलियाच्या मांडीवर काहीतरी ऊन ऊन पसरलं आणि घागऱ्यातून खाली पायरीवर ठिबकलं.

"अगं बाई, भिजवलं का तुम्हाला?" नुता दचकून म्हणाली. "द्या, द्या इकडे."

"राहू दे," बिलिया म्हणाली, आणि हलली नाही.